बॉयलरची वही

१

"परवानाबाई, बॉयलरची वही गेली. अकरा वाजता तपासणीला साहेब येतायत. तुम्ही वही हरवल्याचं एक पत्र लिहून घेऊन या, लवकर."

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वहिनी हे सगळं एका दमात बोलल्या आणि माझं ऐकायच्या आत फोन ठेवून मोकळ्या झाल्या. मी चहाचा कप तसाच टाकून निघाले.

परवानाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही, पण आता तेच चिकटलंय. छोट्या धंदेवाल्यांची सरकारी कागदपत्रं मी सांभाळते. वजनकाट्यावर शिक्का कधी मारून घ्यायचा, हजेरीपुस्तक कसं ठेवायचं, कोणता परवाना कोणत्या महिन्यात संपतो, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. सुताराला सुतारकाम येतं, शिंप्याला शिवण येतं, पण कायद्याचं नाव काढलं की दोघांच्याही पोटात गोळा येतो. तो गोळा काढणं हा माझा धंदा. सत्तावीस वर्षं करतेय आणि उत्तम करते. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायच्या भानगडीत पडत नाही.

वहिनींचं धुलाईघर माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी ते दिराबरोबर भागीत काढलं. दीर 'वहिनी' म्हणायचा, मग कामाच्या बायका म्हणू लागल्या, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली. नवरा शाळेत शिकवतो आणि या व्यापात नाक खुपसत नाही, हे त्याचे मोठे उपकार. अडीच महिन्यांपूर्वी वहिनींना एका मोठ्या इस्पितळाच्या चादरींचं काम मिळालं आणि सहा माणसांचं धुलाईघर चौदा माणसांचं झालं.

या सगळ्याचा जीव मागच्या खोलीतल्या बॉयलरमध्ये. त्याच्या वाफेवर कपडे उकळतात, त्याच वाफेवर इस्त्रीचे रूळ तापतात. बॉयलर म्हणजे खोलीएवढा कुकर समजा. कुकरला शिट्टी असते तसा याला सेफ्टी वॉल्व्ह असतो: दाब वाढला की तो उचलला जातो आणि वाफ बाहेर पडते. तो नीट उचलला जातोय ना, हे रोज सकाळी साखळी ओढून बघायचं असतं. दाब किती, पाणी किती, वॉल्व्ह ओढून पाहिला की नाही, हे रोजच्या रोज वहीत लिहायचं आणि बॉयलरवाल्याने सही करायची, असा नियम आहे. वहीच्या प्रत्येक पानावर क्रमांक आणि बॉयलर तपासणी कार्यालयाचा शिक्का असतो, त्यामुळे एक पान फाडलं तरी कळतं. एक पान, एक आठवडा.

बॉयलरचा परवाना पुढच्या बुधवारी संपत होता. तपासणी सोमवारी ठरली होती. वही नसली तर परवाना नाही, परवाना नसला तर इस्पितळाचं काम दुसऱ्या कोणाकडे जाणार आणि वहिनींनी घेतलेली आठ नवी माणसं घरी बसणार, इतकं ते सरळ होतं.

आणि ती वही मी गेल्या शनिवारीच डोळ्यांखालून घातली होती. आठवड्याचं पान पूर्ण भरलेलं, एक खूण इकडची तिकडे नाही. मी वहिनींच्या पाठीवर थाप मारून आले होते.

मी पोचले तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. काळी पर्स काखेत घट्ट धरलेली, चेहरा उतरलेला.

"पत्र आणलंत?"

"पत्र नंतर लिहू," मी म्हटलं. "आधी चोर बघू."

२

"सोमवारची तपासणी आज कशी आली?" मी चालता चालता विचारलं.

"काल चार वाजता कार्यालयातून फोन आला. साहेब सोमवारी रजेवर आहेत, म्हणून आजच उरकून घेतायत. मी पाच वाजता सगळ्यांना गोळा करून सांगितलं. आज आठला बघते तर वही नाही."

बॉयलरच्या खोलीत नेहमीसारखी ऊब होती. बर्नर घरघरत होता, दाबाचा काटा सातवर होता. बॉयलरवाले काका एका स्टुलावर बसून काट्याकडे बघत होते. बावीस वर्षं त्यांनी हेच केलंय. मला बघून ते उठले, नमस्कार केला आणि पुन्हा काट्याकडे बघायला लागले.

वहीची जागा दाराजवळच्या खिळ्यावर. वहीला भोक पाडून सुतळीने ती खिळ्याला बांधलेली असायची, म्हणजे कोणी इकडेतिकडे नेऊ नये. शेजारच्या सुतळीला पेन. आता पेन लोंबत होतं आणि वहीची सुतळी नुसतीच खिळ्यावर गुंडाळून ठेवलेली होती.

मी ती सुतळी हातात घेतली. घाईत असलेला चोर काय करतो? हिसका देतो. फार शहाणा असला तर कापतो. इथे सुतळी तुटली नव्हती, कापली नव्हती. कोणीतरी निवांत गाठ सोडली होती, आणि टोकाचे धागे इतके विस्कटले होते की ही गाठ काही पहिल्यांदा सुटलेली नव्हती.

वरच्या फळीवर गेल्या तीन वर्षांच्या वह्या जशाच्या तशा. भिंतीवर काचेच्या चौकटीत परवाना, तोही जागेवर.

मला टिपण करायचं होतं आणि माझं पेन नेहमीप्रमाणे घरी राहिलं होतं. मी ते लोंबतं पेन ओढलं आणि कागदावर टेकवलं. उमटेना. दहा रेघोट्या ओढल्या, झटकलं, तळहातावर घासलं. पेन पार वाळून गेलेलं.

"काका, हे पेन कधीपासून असं आहे?"

काकांनी पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असेल, बाई. लक्ष नाही गेलं."

मी वहिनींकडून पेन मागितलं. त्यांनी पर्स काखेतून न काढता दोन बोटं आत घालून ते काढून दिलं. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. धुलाईघर बंदच पाडायचं असतं, तर भिंतीवरचा परवाना हाताशी होता, जुन्या वह्या हाताशी होत्या. चोराने त्यांना बोटही लावलं नाही. त्याला फक्त ही एक चालू वही नको होती. म्हणजे त्या वहीत असं काहीतरी होतं, जे आज अकरा वाजता कोणाच्या नजरेला पडून चालणार नव्हतं.

"परवानाबाई," वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही उगाच शोधत बसू नका. मला माहितीये वही कोणी नेली ते. माझ्या दिराने."

३

धाकटे मालक पुढच्या खोलीत पाय पसरून बसले होते. शेजारच्या टायरवाल्याला ही जागा हवी आहे आणि धाकट्या मालकांना ती विकायची आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. वहिनी नाही म्हणतात. वर्षभर दोघांत याच्यावरून तू तू मैं मैं चाललंय.

"वही गेलीय, ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं. आणि मीच नेली असं वहिनीने सांगितलं असेल." त्यांनी जांभई दिली. "बाई, खोटं कशाला बोलू, वही गेल्याचं मला काही दुःख नाही. पण चोऱ्या करायला मला वेळ आहे का? काल सकाळपासून मी बाहेरगावी होतो, आत्ता साडेआठला येऊन टेकलोय. आल्या आल्या वहिनीने डोळे वटारले आणि आत गेली. आणि एवढी पळापळ कशाला? सापडेल की सोमवारपर्यंत."

"सोमवारपर्यंत?"

"हो, तपासणी सोमवारी ना?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नाटकं करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत; सत्तावीस वर्षांत दुसरं पाहिलंय काय? पण हा माणूस नाटक करत नव्हता. तपासणी आज आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवारपर्यंत चार दिवस हातात असताना काल संध्याकाळीच वही पळवायची घाई कोणाला पडते? पाच वाजता वहिनींनी गोळा केलेल्या माणसांपैकी एखाद्याला.

"आज आहे," मी म्हटलं. "अकराला."

त्यांचे पसरलेले पाय गोळा झाले. "मला कोणी सांगत का नाही काही!"

इस्त्रीघरात अक्का होत्या. अक्का म्हणजे इस्त्रीवाल्या बायकांच्या मुकादम. कमरेवर हात, आवाज पोलादी. गेल्या वेळी मी आले होते तेव्हा एका पोरीने मला हळूच सांगितलं होतं की अक्का आणि काकांमधून विस्तव जात नाही, आणि अक्कांनी एकदा ती वही चुलीत घालायची धमकी दिली होती.

"दिली होती," अक्का ठणकावून म्हणाल्या. "आणि पुन्हा देईन. अहो, नवीन काम आलं तसं आतल्या यंत्रात चादरी वाळेनात, म्हणून मागच्या अंगणात दोऱ्या बांधल्या. नेमक्या त्या पाइपासमोर! काका सकाळी साखळी ओढायचे आणि पाइप आधी गंजाचं पाणी थुंकायचा, मग वाफ. माझ्या पांढऱ्या चादरींवर तांबडे ठिपके! इस्पितळातून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. मी काकांना म्हटलं, साखळी ओढू नका. ते म्हणाले, वहीत लिहावं लागतं. मी म्हटलं, मग आणा ती वही इकडे, चुलीत घालते."

"मग नेलीत का?"

"मी कशाला नेऊ? भांडण कधीच मिटलं. दोन महिने झाले." अक्कांनी समोरच्या चादरींच्या थप्पीवर हात ठेवला. "आता नाही पडत डाग."

माझा हात टिपण करता करता थांबला. मी थप्पीतली वरची चादर उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. एकीवरही ठिपका नव्हता. आणि गेल्या शनिवारी मी माझ्या डोळ्यांनी वहीत पाहिलं होतं: सोमवार ते शनिवार, 'वॉल्व्ह ओढून पाहिला', सहाच्या सहा दिवस खूण.

४

मी बॉयलरच्या खोलीत परत आले. घड्याळात सव्वानऊ. वहिनी, धाकटे मालक आणि अक्का, तिघंही माझ्या मागोमाग.

"काका, आज सकाळी वॉल्व्ह ओढलात?"

"बाई, वही पूर्ण भरलेली होती. एक दिवस रिकामा नव्हता."

"मी वॉल्व्हचं विचारलं. तुम्ही वहीचं सांगताय."

काकांनी नजर काट्यावर वळवली. बावीस वर्षांच्या नोकरीत या माणसाला खोटं बोलायची सवय लागली नव्हती, म्हणून तो खरंही बोलत नव्हता.

मी मागच्या दाराने अंगणात गेले. चादरींच्या सहा रांगा वाऱ्यावर हलत होत्या. त्यांच्यासमोर भिंतीतून वाकून बाहेर आलेला तो पाइप. वॉल्व्ह उचलला की वाफ इथून बाहेर पडणार. मी चवड्यांवर उभी राहून पाइपच्या तोंडात डोकावले.

तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. आज सकाळी विणलेलं नव्हे, चांगलं जुनं. त्यावर धूळ साचलेली, दोन माश्या वाळून चिकटलेल्या. वाफेचा एक झोत गेला असता तरी त्याचा मागमूस राहिला नसता.

मला तेव्हा राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. आत इस्त्रीघरात दहा बायका होत्या, आणि त्यांच्यापासून एका भिंतीपलीकडे सातवर काटा असलेला कुकर, ज्याची शिट्टी दोन महिने कोणी वाजवून पाहिली नव्हती.

मी धावतच आत आले. "काका, साखळी ओढा. आत्ता."

काकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली.

"त्यांच्याकडे काय बघताय? ओढा!"

काका उठले. त्यांनी साखळी दोन्ही हातांत धरली आणि हळूच ओढली. काही झालं नाही. त्यांनी जोर लावला. मग पाय भिंतीला टेकवून सगळा भार टाकला. धाकटे मालक पुढे झाले, दोघांनी मिळून ओढली. साखळी ताठ झाली, वर लोखंड करकरलं, पण वॉल्व्ह केसभरही हलला नाही.

बर्नर घरघरतच होता.

आणि मग सगळ्यांच्या आधी वहिनी ओरडल्या.

"बर्नर बंद करा! अक्का, सगळ्या बायका बाहेर! आधी बाहेर, चपला राहू देत!"

५

दहा मिनिटांत सगळं धुलाईघर रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उभं होतं. काकांनी कपडे उकळायच्या टाक्यांकडे वाफ सोडून दिली होती, म्हणजे दाब हळूहळू उतरावा. ते स्वतः मात्र पुढच्या दाराच्या चौकटीत उभे राहून आतला काटा बघत होते. कितीही सांगितलं तरी बाहेर येईनात.

"साडेसहा!" त्यांनी ओरडून सांगितलं.

"आता तरी पोलिसांना बोलवा," धाकटे मालक म्हणाले. "वही चोरणाऱ्याला हे ठाऊक होतं!"

"ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "वॉल्व्ह अडकलाय हे ठाऊक असतं तर ती व्यक्ती आत्ता तशी ओरडली नसती. तिला फक्त एवढंच ठाऊक होतं की वहीतल्या खुणा खोट्या आहेत."

"ती?" अक्कांच्या भुवया वर गेल्या. "माझ्याकडे बघू नका हं."

"तुमच्याकडे नाही बघत. तुम्हाला डागांचा राग होता, आणि डाग दोन महिन्यांपूर्वीच थांबले. धाकट्या मालकांना तपासणी आज आहे हेच माहीत नव्हतं. बाकी कोणी वहीला हात लावत नाही. उरले दोघं. काका आणि..." मी थांबले. "पण काकांना वही न्यायची असती तर इतका खटाटोप नको होता. खोलीत दिवसभर तेच एकटे. बर्नरमध्ये टाकली असती, राखसुद्धा सापडली नसती. ज्याने नेली, त्याला वही नष्ट करवली नाही. फक्त अकरा वाजता ती समोर नको होती."

"सहा!" दारातून काका.

"आता पेनाचं बघा. वहीशेजारचं पेन वाळून कोळ झालंय. म्हणजे वही तिथे लिहिलीच जात नव्हती. तिची गाठ दर आठवड्याला सोडली जायची, ती कुठेतरी नेली जायची, तिथे बसून भरली जायची आणि परत बांधली जायची. या धुलाईघरात बसून लिहायचं टेबल किती? एक. आणि रोज भरायची वही आठवड्यातून एकदा कशी भरता येईल? सगळा आठवडा एकदमच लिहिला तर. सोमवारी सकाळी शनिवारपर्यंतचं सगळं लिहायचं, काकांनी सहा सह्या ठोकायच्या, झालं. शनिवारी मी येते, पान भरलेलं बघते आणि शाबासकी देऊन जाते. तपासणी सोमवारी असती तरी कोणाला पत्ता लागला नसता, गेला आठवडा गेलेलाच असता. पण साहेब आज येणार म्हटल्यावर पंचाईत झाली. आज गुरुवार, आणि वहीत शुक्रवार-शनिवारचा दाब लिहून, वॉल्व्ह ओढून, सही करून तयार! पान फाडायची सोय नाही. मग वहीच नाहीशी करायची."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत सगळे थांबले.

"हे मला अगदी पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं," मी म्हटलं. "ज्याची वस्तू चोरीला जाते, तो म्हणतो, शोधून द्या. मला फोन आला तो, हरवल्याचं पत्र लिहून द्या. आणि मी मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा."

वहिनींनी काखेतली पर्स पुढे घेतली, चेन उघडली आणि वही बाहेर काढली. आवाज स्थिर होता.

"काकांचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "चादरी परत यायला लागल्या, इस्पितळवाल्या म्हणाल्या, आणखी एक गठ्ठा आला तर काम बंद. मीच काकांना म्हटलं, काही दिवस साखळी राहू द्या. ते नको म्हणत होते. मग वहीत काय लिहायचं? पहिल्या दिवशी मी रकाना रिकामा ठेवला. रात्रभर झोप नाही लागली. तुम्हीच बजावून ठेवलंय ना परवानाबाई, एक रकाना रिकामा दिसला तरी परवाना गेला म्हणून समजा? मग मी भरला. एकदा भरल्यावर रोज भरायला लागला. मग रोज भरताना लाज वाटायला लागली, म्हणून आठवड्याचं एकदम भरायला लागले."

ते वाक्य माझंच होतं. गेली सत्तावीस वर्षं मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आले होते, बोट नाचवून, दरवेळी त्याच सुरात. रकान्याचा धाक मी घातला होता. साखळीचा घालायला विसरले होते.

"मी सह्या केल्या," काका दारातूनच म्हणाले. अरुंद गल्लीत त्यांना सगळं ऐकू जात होतं. "सोमवारी चहाबरोबर. मीही तितकाच. काटा रोज बघत होतो, दाब कधी वर जाऊ दिला नाही. पण वॉल्व्ह... साडेपाच!"

"परवानाबाई," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "ते पत्र दिलं असतं तर चाललं असतं का हो?"

"चाललं असतं. नव्या वहीसाठी अर्ज, थोडा दंड, पुढच्या आठवड्यात परवाना हातात. मी अशी चार पत्रं लिहिलीत."

"आणि बॉयलर?"

"तोही चालला असता. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही."

वहिनींनी फुटपाथवर उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. त्यातल्या निम्म्या अनवाणी होत्या.

"किती वाजले?"

"पावणेदहा."

"मला पेन द्या परत," त्या म्हणाल्या. "लिहायचं आहे."

६

साहेब अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. हडकुळे, खिशात स्वतःची विजेरी, चहा नको म्हणणारे. अशा माणसांना लोक घाबरतात. मला ते बरे वाटतात. बॉयलर थंड पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"तपासणीला बॉयलर चालू लागतो, माहितीये ना?"

"आधी हे वाचा," वहिनी म्हणाल्या आणि वही पुढे केली.

वहिनींनी चालू पानावर गुरुवार, शुक्रवार, शनिवारवर आडवी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं की या नोंदी सोमवारीच केल्या होत्या, आणि गेल्या दोन महिन्यांत वॉल्व्ह एकदाही ओढलेला नाही, तसं आपणच सांगितलं होतं. त्याखाली काकांची सही होती. त्याखाली आजची तारीख, वेळ सव्वानऊ, आणि: 'वॉल्व्ह ओढला. उचलला गेला नाही. बॉयलर बंद केला. माणसं बाहेर काढली.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग विजेरी घेऊन वर चढले, वॉल्व्ह बघितला, खाली उतरले, हात पुसले. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझ्या धंद्यात कुठे गप्प बसायचं हेही ठाऊक असावं लागतं.

"खोटी नोंद हा गुन्हा आहे," साहेब म्हणाले. "दंड होणार. माझ्या अहवालात लिहिणार मी ते, सगळं."

"लिहा," वहिनी म्हणाल्या.

"वॉल्व्ह बदला. चादरींच्या दोऱ्या तिथून काढा. मंगळवारी दुसरे साहेब येतील, त्यांच्यासमोर वॉल्व्ह उचलला गेला तर बुधवारी परवाना मिळेल. सील लावत नाही." त्यांनी वही उघडी धरून विचारलं, "बंद कोणी केला?"

"यांनीच," काका पुढे होऊन म्हणाले. "सगळ्यांच्या आधी."

साहेबांनी मान हलवली, वहिनींच्या शेवटच्या ओळीखाली सही केली आणि तारीख घातली. त्या वहीतली गेल्या दोन महिन्यांतली ती एकमेव खरी ओळ होती, आणि सरकारची सही तिच्याखाली पडली. वहिनी तेव्हा रडल्या, पदराने डोळे न पुसताच, आणि लगेच फोन लावायला गेल्या.

इस्पितळाच्या बाई फोनवर म्हणाल्या, आठवड्याचं काम दुसरीकडे देते, पण परवान्याचा कागद हातात पडल्याशिवाय तुमच्याकडे एक चादर येणार नाही. वहिनी म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. अंगणात तोवर धाकटे मालक दोऱ्यांचे खांब उपटत होते. "जागा विकायचीच झाली तर अख्खी विकेन, उडालेली कोण घेतो?" असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. अक्का त्यांना कुठला खांब कसा उपटायचा ते सांगत होत्या. काका नव्या वॉल्व्हसाठी निघाले, जाताना मला नमस्कार करून.

मंगळवारी वॉल्व्ह उचलला गेला. वाफेचा आवाज असा झाला की टायरवाला दुकानातून पळत बाहेर आला. बुधवारी परवाना मिळाला, आणि शुक्रवारी इस्पितळाच्या चादरींचे पहिले गठ्ठे आले. माझी फी मी घेतली नाही. वहिनींनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलंय, तेवढं पुरे.

त्या गुरुवारी दुपारी मात्र मी घरी न जाता रस्त्यातच थांबून फोनातली गिऱ्हाइकांची यादी उघडली. सगळ्यात वर होता फर्निचरवाला. लाकूड, भुसा, वार्निश, आणि भिंतीवर आग विझवायची तीन नळकांडी. माझं सगळ्यात टापटिपीचं गिऱ्हाईक. मी म्हटलं, अर्ध्या तासात येतेय.

"या की, बाई," तो खुशीत म्हणाला. "पण आजच कशाला त्रास घेताय? आमची वही अगदी पूर्ण भरलेली आहे."

"म्हणूनच येतेय," मी म्हटलं.